फायबरग्लासच्या जुन्या शिडाच्या नौकेच्या कवचावरील लहान छिद्रांची दुरुस्ती

फायबरग्लासच्या नौकेच्या कवचावर कालांतराने बारीक छिद्रे, खळगे व फोड पडतात आणि जुन्या स्क्रूंची भोके उघडी राहतात. ती बुजवून पृष्ठभाग पुन्हा सलग व जलरोधक करण्याच्या कामास कवचाची पृष्ठभागीय दुरुस्ती म्हणतात. कवच म्हणजे डेकच्या खालचा नौकेचा संपूर्ण बाह्यभाग. त्याचा काही भाग पाण्यात बुडालेला असतो, काही पाण्यावर दिसतो. वरवर पाहता हे काम रंगाऱ्याने भिंतीला लांबी भरण्यासारखे वाटते आणि त्यात लागणारी हत्यारेही बव्हंशी तीच असतात. परंतु भिंतीवरची लांबी निघाली तर भिंत केवळ कुरूप दिसते. नौकेच्या जलरेषेखालची लांबी सैल झाली, तर तिच्याआडून पाणी कवचाच्या थरांत झिरपत राहते आणि ते बाहेरून कळतही नाही. म्हणून या दुरुस्तीत छिद्र बुजवण्यापेक्षा त्याच्या तळाशी काय आहे याचा निर्णय करणे हा अधिक महत्त्वाचा भाग ठरतो. ओल्या किंवा पोकळ थरावर भरलेले छिद्र हे उघड्या छिद्रापेक्षा वाईट, कारण उघडे छिद्र निदान दिसत तरी राहते.

पार्श्वभूमी

काचेचे बारीक तंतू औद्योगिक प्रमाणावर काढण्याची पद्धत अमेरिकेत १९३०च्या दशकात विकसित झाली. पॉलिएस्टर रेझिनही त्याच सुमारास पुढे आले. या दोहोंचा मेळ घालून ओहायो राज्यातील टोलीडो येथील रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये एक लहान शिडाची होडी तयार केली; ती या प्रकारच्या अगदी आरंभीच्या होड्यांपैकी एक मानली जाते. फिलिप ऱ्होड्स यांच्या आराखड्यावरून कॅलिफोर्नियात १९५६ पासून बांधली गेलेली ‘बाउंटी २’ ही चाळीस फुटांच्या आसपासची नौका होती आणि एवढ्या आकाराची नौका साच्यातून काढता येते हे तिने दाखवून दिले.

सामान्य नोकरदार माणसाला परवडेल अशी फायबरग्लासची शिडाची नौका खऱ्या अर्थाने रूढ झाली ती ‘ट्रायटन’मुळे. स्वीडनमध्ये जन्मलेले नौकारचनाकार कार्ल अल्बर्ग यांनी तिचा आराखडा केला. ऱ्होड आयलंड राज्यातील ब्रिस्टल येथे क्लिंटन व एव्हरेट पिअरसन या चुलतभावांनी ती बांधली आणि जानेवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या नौका प्रदर्शनात मांडली. सुमारे साडेअठ्ठावीस फूट लांबीच्या या नौकेच्या सातशेहून अधिक प्रती पुढील काही वर्षांत निघाल्या. त्यांपैकी अनेक आजही पाण्यात आहेत, म्हणजे त्यांच्या कवचाचे वय साठीच्या पुढे गेले आहे. जुन्या फायबरग्लासच्या दुरुस्तीचे जे ज्ञान आज उपलब्ध आहे, त्यातील मोठा वाटा अशा नौका स्वस्तात विकत घेऊन हाताने नीट करणाऱ्या हौशी मालकांचा आहे.

त्या काळी या नव्या सामग्रीच्या ताकदीचा पुरता अंदाज नसल्याने पुष्कळ बांधकामदारांनी कवचे सढळ हाताने जाड केली. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने १९५०च्या दशकातील आपल्या फायबरग्लासच्या गस्ती नौकेच्या कवचाचे तुकडे सुमारे दहा व वीस वर्षांच्या सेवेनंतर तपासून पाहिले, तेव्हा ताकदीत फारशी घट आढळली नाही. लाकूड कुजते, लोखंड गंजते; त्या अर्थाने फायबरग्लास म्हातारे होत नाही. त्याचे वय दिसते ते बहुधा पृष्ठभागावर.

कवचाची रचना

ही दुरुस्ती समजण्यासाठी नौका उलट्या क्रमाने बांधली जाते हे लक्षात घ्यावे लागते. घर बांधताना रंग शेवटी लागतो; येथे तो सर्वांत आधी लागतो. साच्याच्या आतल्या चकचकीत बाजूला प्रथम मेण चोळतात, म्हणजे तयार नौका साच्याला चिकटून बसत नाही. त्यावर जेलकोट नावाचा रंगमिश्रित रेझिनचा सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा थर फवारतात. मग काचतंतूंची मॅट आणि जाड विणीचे कापड, म्हणजे रोव्हिंग, आलटून पालटून अंथरून त्यात रेझिन जिरवत जातात. या घट्ट झालेल्या थरांना लॅमिनेट म्हणतात. नौकेचे सारे बळ लॅमिनेटमध्ये असते. जेलकोट केवळ त्याची त्वचा होय. तो कठीण असतो, पण ठिसूळही असतो.

या क्रमातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, साच्याच्या अणकुचीदार कोपऱ्यांत मॅट नीट वळत नाही, त्यामुळे जेलकोटच्या मागे हवेची पोकळी राहून जाते. दुसरी, साच्यावरचे मेण जेलकोटच्या पृष्ठभागावर थोडेफार उतरते आणि पुढे मालकही दरवर्षी चकाकीसाठी त्यावर मेण चोळत राहतो. मेणावर कोणतीही लांबी धरत नाही.

छिद्रे कशी पडतात

सर्वांत निरुपद्रवी छिद्रे म्हणजे वर सांगितलेल्या हवेच्या पोकळ्या. वरचा पापुद्रा एखाद्या दिवशी फुटतो आणि मसुराएवढा किंवा वाटाण्याएवढा खळगा उघडा पडतो. तळाशी लॅमिनेट कोरडे व टणक असते. धक्क्याला लागून, नांगराच्या साखळीने किंवा शेजारच्या नौकेच्या घर्षणाने पडलेले टवके याच वर्गात मोडतात, मात्र त्यांत काचतंतू तुटलेले आहेत काय हे पाहावे लागते.

काढून टाकलेल्या उपकरणांच्या स्क्रूंची भोके हा दुसरा प्रकार. जुन्या नौकेचे तीन-चार मालक होऊन गेलेले असतात आणि प्रत्येकाने शिडी, पट्टी किंवा मापकयंत्र लावण्यासाठी आपापली भोके पाडलेली असतात. ती पुष्कळदा केवळ सिलिकॉन भरून झाकलेली असतात. सिलिकॉन हा दुरुस्ती करणाऱ्याचा खरा शत्रू म्हटला पाहिजे. त्याचा अंश राहिला तर त्यावर ना रेझिन चिकटते, ना रंग. तो द्रावकाने पुसला तर निघण्याऐवजी आजूबाजूला पसरतो. म्हणून धारदार पात्याने खरवडूनच काढावा लागतो.

तिसरा प्रकार ताऱ्यासारख्या किंवा समांतर जाणाऱ्या केसभर भेगांचा. या भेगा छिद्र नसून लक्षण असतात. कठड्याच्या खांबाखाली किंवा आतल्या पडदीच्या कडेला कवच वारंवार वाकत असेल, तर वरचा ठिसूळ जेलकोट तडकतो. मूळ हालचाल थांबवल्याशिवाय भेग भरली, तर पुढच्या हंगामात ती त्याच जागी पुन्हा उमटते.

चौथा आणि सर्वाधिक चर्चेचा प्रकार जलरेषेखालच्या फोडांचा आहे. जेलकोट पूर्णतः जलरोधक नसतो. पाण्याचे रेणू त्यातून अत्यंत मंद गतीने आत जातात. आत रेझिनचे अर्धवट राहिलेले घटक, मॅटचे तंतू एकत्र धरणारे बंधकद्रव्य आणि पाण्यामुळे रेझिनचे विघटन होऊन तयार झालेली द्रव्ये त्या पाण्यात विरघळतात. असे तयार झालेले दाट द्रावण बाहेरचे पाणी आणखी ओढून घेते. शाळेत बेदाणे पाण्यात टाकून दाखवतात तोच हा परासरणाचा प्रयोग. फरक इतकाच की बेदाणा फुगतो आणि येथे आतला दाब जेलकोटला फोडासारखा वर उचलतो. फोड फोडल्यास आतून चिकट, व्हिनेगरसारख्या आंबूस वासाचा द्रव जोराने बाहेर येतो. परासरणाच्या नियमानुसार खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात आणि थंड पाण्यापेक्षा उबदार पाण्यात फोड लवकर येतात. १९८०च्या दशकात ऱ्होड आयलंड विद्यापीठाने तटरक्षक दलासाठी या फोडांच्या कारणांचा सविस्तर अभ्यास केला होता. थोड्या विखुरलेल्या फोडांमुळे नौका बुडत नाही, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण या विषयाभोवती भीती बरीच आहे. फोड केवळ जेलकोटखाली आहेत की लॅमिनेटच्या आतल्या थरांमध्ये, यावर त्यांचे गांभीर्य अवलंबून असते.

तपासणी

नौका पाण्याबाहेर काढताच, तळ धुऊन लगेच पाहणी करावी. काही फोड वाळले की बसतात आणि आठवड्याभराने शोधूनही सापडत नाहीत. प्रत्येक जागेभोवती पेन्सिलीने गोल करून ठेवणे उपयोगी पडते. तिरपा प्रकाश टाकला तर उंचवटे सहज दिसतात. संध्याकाळचे ऊन त्यासाठी विजेरीपेक्षा चांगले.

नंतर ठोकून ऐकणे. पेचकसाची प्लॅस्टिकची मूठ किंवा लहान हातोडीचे टोक हलकेच आपटत गेल्यास भरीव लॅमिनेटमधून खणखणीत, आखूड आवाज येतो. थर सुटलेले किंवा ओले असतील तेथे तो बोदा येतो. मडके घेताना टिचकी मारून पाहणाऱ्यास ही परीक्षा निराळी शिकवावी लागत नाही. मात्र आत पडदी किंवा टाकी असेल तेथेही आवाज बदलतो, हे विसरू नये.

शेवटी टोच्याने तळ चाचपावा. रंगीत जेलकोटचाच तळ दिसत असेल, तर काम केवळ त्वचेचे आहे. काचतंतू दिसत असून ते टणक, कोरडे व अर्धपारदर्शक असतील, तर मॅटचा पहिला थर उघडा पडला आहे; तोही लांबीने भरता येतो. परंतु तंतू पांढरट, विसविशीत झाले असतील, टोचा सहज रुतत असेल किंवा खळगा कवचाच्या जाडीच्या पाव हिश्शाहून खोल जात असेल, तर ती पृष्ठभागीय दुरुस्ती राहत नाही. तेथे काचेच्या कापडाचे थर पुन्हा बसवावे लागतात. लांबीत तंतू नसतात. ती जागा भरते, बळ देत नाही.

स्वच्छता, उघडणे व वाळवणे

क्रम येथे निर्णायक आहे. प्रथम साबण व गोडे पाणी, मग मेण काढणारे द्रावक आणि त्यानंतरच घासकाम. आधी घासले, तर मेण निघत नाही. पॉलिश पेपरच्या दातांनी ते ओरखड्यांत खोल दाबले जाते. द्रावक लावताना दोन फडकी वापरतात. एकाने ओले करायचे आणि ते वाळण्याच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचे. एकच फडके फिरवत राहिल्यास मेण केवळ जागा बदलते.

छिद्र भरण्यापूर्वी ते मोठे करावे लागते, हे नवख्यास विचित्र वाटते. परंतु खळग्याच्या कडेचा जेलकोट आतून पोकळ असतो. तो ठिसूळ कडा सोडून टणक भाग लागेपर्यंत खरवडून काढला पाहिजे. कडा उभी न ठेवता बशीसारखी उतरती करावी, म्हणजे लांबीला धरण्यास अधिक पृष्ठभाग मिळतो. स्क्रूच्या भोकाचे तोंड ड्रिलच्या शंकूच्या आकाराच्या टोकाने रुंदावतात. केसभर भेगेत लांबी शिरतच नाही. ती खरवडणीच्या कोपऱ्याने नांगराच्या तासासारखी उघडावी लागते. फोड असल्यास सर्व मऊ भाग काढून खळगे गोड्या पाण्याने पुनःपुन्हा धुवावेत, कारण आतली आम्ले व क्षार पाण्यात विरघळणारे असतात. ते द्रावकाने निघत नाहीत, आणि ते राहिले तर त्याच जागी नवा फोड येतो.

यानंतर वाळवणे. येथेच बहुतेक दुरुस्त्या फसतात. बाहेरून कोरडे दिसणारे लॅमिनेट आत ओले असू शकते आणि ते सुकण्यास हवामानानुसार काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत काळ लागतो. न्यू इंग्लंडसारख्या थंड प्रदेशात नौका हिवाळाभर जमिनीवर असते, त्यामुळे तेथील मालक शरद ऋतूतच फोड उघडून ठेवतात व वसंतात ते भरतात. ओलावा पाहण्याचा घरगुती उपाय असा: फूटभर चौरस पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून कवचावर हवाबंद बसवावा. एक-दोन दिवसांनी आतल्या बाजूस दव जमले, तर कवच अद्याप ओले आहे. दव जमले नाही एवढ्यावरून मात्र ते कोरडे झाल्याचे सिद्ध होत नाही. ओलावामापक यंत्राचा आकडाही सुटा वाचण्यात अर्थ नसतो. जलरेषेवरच्या कोरड्या भागाचा आकडा घेऊन त्याच्याशी तो ताडावा, आणि आठवड्यामागून आठवडे आकडा उतरायचा थांबला की भरण्याचा विचार करावा.

भरण्याचे द्रव्य

दोन कुळे उपलब्ध आहेत: पॉलिएस्टर व इपॉक्सी. मूळ नौका पॉलिएस्टरची असते, म्हणून दुरुस्तीही त्याचीच असावी असे प्रथमदर्शनी वाटते. पण ओले असताना एकमेकांत मिसळून घट्ट झालेले थर ही एक गोष्ट आणि चाळीस वर्षांपूर्वी पूर्ण घट्ट झालेल्या पृष्ठभागावर नवा थर चिकटवणे ही निराळी. जुन्या थराशी नव्या पॉलिएस्टरची रासायनिक सांगड फारशी होत नाही. ते केवळ ओरखड्यांत अडकून धरते. इपॉक्सी जुन्या लॅमिनेटला अधिक घट्ट चिकटते, घट्ट होताना कमी आकसते आणि पाण्याला अधिक रोखते. म्हणून जलरेषेखाली इपॉक्सीच वापरावे, याविषयी जाणकारांत फारसा मतभेद नाही.

जलरेषेवर, जेथे जेलकोटची चकाकी परत हवी असते, तेथे प्रश्न वेगळा आहे. पॉलिएस्टरच्या कुळातील जेलकोट इपॉक्सीवर सहजासहजी नीट धरत नाही. उत्तम धुतलेल्या, पूर्ण घट्ट झालेल्या व खरबरीत केलेल्या इपॉक्सीवर तो टिकतो असे काही जण अनुभवाने सांगतात. तरी सामान्य माणसाने हा धोका पत्करू नये. वर जेलकोट द्यायचा असेल तर खाली पॉलिएस्टर किंवा व्हिनाइलएस्टरची लांबी, आणि वर रंग द्यायचा असेल तर खाली इपॉक्सी, असा विधिनिषेध पाळणे सोपे. मोटारगाड्यांचे पोचे भरण्याची लांबी स्वस्त व हाताशी असल्याने अनेकदा नौकेवर वापरली जाते. तिच्यात शंखजिऱ्याची पूड असते व ती पाणी शोषते. जलरेषेखाली ती मुळीच वापरू नये.

घट्ट होण्याची क्रियाही दोहोंत भिन्न आहे आणि ती न समजल्याने बरेच काम वाया जाते. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर म्हणून मिथिल इथिल कीटोन पेरॉक्साइड वजनाच्या साधारण १ ते २ टक्के घालतात. ते क्रिया सुरू करून देते, त्यामुळे उन्हाळ्यात थोडे कमी व थंडीत थोडे अधिक घालून वेळ जुळवता येतो. इपॉक्सीचा हार्डनर हा स्वतःच अंतिम पदार्थाचा भाग असतो. पाचास एक किंवा दोनास एक, उत्पादकाने जे प्रमाण दिले असेल ते काटेकोर पाळावे लागते. ‘लवकर वाळावे’ म्हणून हार्डनर वाढवला, तर मिश्रण लवकर वाळत नाही. कायमचे चिकट राहते.

भरणे

इपॉक्सीचे काम दोन टप्प्यांत होते. प्रथम खळग्याच्या तळाला काहीही न मिसळलेले पातळ इपॉक्सी ब्रशने लावून जिरू द्यावे. नंतर उरलेल्या मिश्रणात सिलिकाची अतिसूक्ष्म पूड हळूहळू मिसळून ते चक्क्यासारखे, पट्टीवरून न ओघळणारे करावे. पोकळ काचगोळ्यांची किंवा फिनॉलिक सूक्ष्मगोलकांची पूड मिसळल्यास लांबी घासण्यास हलकी होते, पण तिची जलरोधकता सिलिकाच्या लांबीइतकी नसते. ती जलरेषेवर राहू द्यावी. मिश्रण एका वेळी थोडेच करावे आणि पसरट ताटलीत ठेवावे. खोल भांड्यात घट्ट होणारे रेझिन स्वतःच्याच उष्णतेने इतके तापते की कधी कधी त्यातून धूर निघतो.

पट्टीने लांबी खळग्याच्या एका कडेकडून दुसरीकडे दाबत न्यावी, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. थेट मध्यावर थापल्यास खाली बुडबुडा अडकतो व घासताना नेमका तोच उघडा पडतो. पृष्ठभागापेक्षा किंचित उंच भरावे. खोल खळगा एकाच वेळी न भरता दोन थरांत भरलेला बरा.

जेलकोटच्या बाबतीत एक अडचण विशेष आहे. हवेतील प्राणवायूमुळे त्याचा वरचा थर चिकटच राहतो. साच्यात तो हवेपासून झाकलेला असतो. दुरुस्तीत तसे झाकण मुद्दाम द्यावे लागते. भरलेल्या जागेवर पारदर्शक प्लॅस्टिकची फीत ताणून चिकटवली की हवा अडते आणि पृष्ठभागही सपाट होतो. मेणमिश्रित जेलकोटही मिळतो. त्यातील मेण वर तरंगून तेच काम करते, पण पुढचा हात देण्यापूर्वी ते घासून काढावे लागते.

इपॉक्सीवर कित्येकदा मेणचट, पाण्यात विरघळणारा पापुद्रा येतो. तो आधी साध्या पाण्याने व खरबरीत घासणीने धुवावा. न धुता घासल्यास पॉलिश पेपर लगेच भरून बोथट होतो आणि पुढचा रंग सोलून निघतो.

आरपार भोके

भोक कवचाच्या आरपार असेल तर ते लहान दिसले तरी लहान समजू नये. जलरेषेवरचे पाच-सहा मिलिमीटरचे बोल्टचे भोक दोन्ही तोंडे रुंदावून, आतून चिकटपट्टी लावून, घट्ट इपॉक्सीने भरण्याचा प्रघात आहे. जलरेषेखाली मात्र काचेच्या कापडाचे थर द्यावेत. त्यासाठी भोकाभोवती जाडीच्या बारापट रुंद उतार घासण्याचा संकेत आहे. हिशेब करून पाहिला तर त्याचा अर्थ ध्यानात येतो: कवच ६ मिमी जाड आणि भोक १० मिमीचे असेल, तर सर्व बाजूंनी ७२ मिमीचा उतार, म्हणजे १५४ मिमी व्यासाची बशी तयार होते. बोटभर भोकासाठी वीतभर जागा घासताना हात कचरतो. पण बूच जसे बाटलीच्या तोंडातून सुटते तसे उभ्या कडांतले भरण दाबाने सुटू शकते. लांब उतारावर पसरलेले कापड सुटत नाही.

घासणे व अंतिम पृष्ठभाग

घासताना कागद बोटांनी न धरता सपाट ठोकळ्याला गुंडाळावा. बोटांखाली मऊ भाग अधिक झिजतो आणि रंगानंतर तेथे लाटा दिसतात. इपॉक्सीसाठी ८० क्रमांकापासून १२० व २२० पर्यंत जातात. जेलकोटला ३२०, ४०० व ६०० चा वॉटर पेपर, नंतर १००० चा, व शेवटी पॉलिशची पेस्ट लागते.

रंग जुळवणे हे या कामातले सर्वांत निराशाजनक अंग होय. पांढरा रंग एकच असतो हा समज नौकेजवळ पहिल्याच दिवशी नाहीसा होतो. जुना जेलकोट उन्हाने पिवळसर वा फिका झालेला असतो, तेव्हा प्रथम शेजारचा भाग पॉलिश करून त्याचा खरा रंग पाहावा आणि त्याला जुळेल असे रंगद्रव्य थेंबाथेंबाने मिसळावे. तंतोतंत जुळणी क्वचितच साधते.

जलरेषेखाली भरलेल्या जागांवर इपॉक्सीचे पाणीरोधक लेप देतात. सर्व लेप मिळून सुमारे पाव मिलिमीटर जाडी व्हावी अशी अपेक्षा असते. त्यावर शेवाळ व कालवे बसू नयेत म्हणून तांबेयुक्त रंग लावतात.

धोके

काचतंतूंची धूळ त्वचेला खाजवते व फुप्फुसांना अपायकारक असते. साधा रुमाल बांधून भागत नाही. गाळणीचा मुखवटा हवा. तांबेयुक्त जुना रंग कोरडा न घासता पाणी घालून घासावा. इपॉक्सीचा हार्डनर हाताला वारंवार लागल्यास कायमची अ‍ॅलर्जी जडते.

मिथिल इथिल कीटोन पेरॉक्साइड याहून घातक आहे. त्याचा एक थेंब डोळ्यांत गेल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. ते हाताळताना डोळ्यांना पूर्ण झाकणारा चष्मा अनिवार्य समजावा; थेंब गेलाच तर तत्काळ, निदान पंधरा मिनिटे, वाहत्या पाण्याने डोळा धूत राहून वैद्यकीय मदत घ्यावी. भारतात सुटे पॉलिएस्टर रेझिन घेताना हार्डनरसोबत कोबाल्टचा जांभळट प्रवेगक निराळ्या बाटलीत मिळतो. हे दोन द्रव थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत. पेट किंवा स्फोट होऊ शकतो. प्रवेगक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यावा आणि मगच हार्डनर घालावा.

कोकण व गोवा किनाऱ्यावर

महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्यावर शिडाच्या फायबरग्लास नौका थोड्या असल्या, तरी मासेमारीत ‘फायबर’ या सुटसुटीत नावाने ओळखल्या जाणाऱ्या होड्या सर्वत्र दिसतात, आणि त्यांची दुरुस्ती याच तत्त्वांनी होते. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ (२००९) व ‘तारिणी’ (२०१७) या नौदलाच्या शिडाच्या नौकांनी पृथ्वीप्रदक्षिणा केल्या आहेत. त्यांच्या कवचात लाकडी गाभ्यावर काचकापड व इपॉक्सी आहे. अशा कवचात पृष्ठभागावरचे छिद्र अधिक तातडीचे असते, कारण वरचा थर ओलांडताच पाणी लाकडापर्यंत पोहोचते.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते आणि पारंपरिक मच्छीमार नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून शाकारून ठेवतात. डागडुजीला सवड मिळते ती याच काळात. पण रेझिनच्या दृष्टीने वर्षातला हाच सर्वांत प्रतिकूल काळ. दमट हवेत लॅमिनेट सुकत नाही आणि इपॉक्सीवर पापुद्रा हटकून येतो. छिद्रे उघडून धुण्याचे काम पावसाआधी, शक्यतो मार्चअखेर करावे आणि एप्रिल-मे मध्ये ती भरावीत. त्या दिवसांत मिश्रण भांड्यातच लवकर घट्ट होते, म्हणून ते अगदी थोडे करावे लागते. सकाळी कवच तापत असताना लॅमिनेटमधील हवा प्रसरण पावून लांबीत बुडबुडे आणते. दुपार कलल्यावर, कवच निवू लागले असता, पण दव पडण्याच्या बऱ्याच आधी भरलेली लांबी निर्दोष बसते.